गव्हर्नरला हात सगळ्यात शेवटी

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाची तक्रार सांगताना माणसं बहुधा एकच वाक्य बोलतात: 'रेस बरोबर नाही.' त्या वाक्यात निदान चार वेगवेगळी दुखणी असतात. रेस कमी केली की इंजिन एका लयीत न चालता चढतं, उतरतं, पुन्हा चढतं, हे एक. दांडा पुरता ओढला तरी इंजिन वर जातच नाही, हे दुसरं. रिकामं असताना छान पळतं, पण नांगर जमिनीत गेला की बसतं, हे तिसरं. आणि चौथं, ज्याच्या नुसत्या उल्लेखाने जुने ड्रायव्हर गंभीर होतात: रेस बंद केली तरी इंजिन खाली येत नाही, उलट चढतच जातं. चारांची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. पण पुष्कळ गॅरेजांत उपचार मात्र एकच होतो. मिस्त्री पाना घेतो आणि डिझेल पंपावरच्या गव्हर्नरचा, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवतो.

त्या स्क्रूपासून हात लांब ठेवा, हे सांगण्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं. कायमचा नव्हे, बाकीचं सगळं तपासून होईपर्यंत.

'जुना ट्रॅक्टर' म्हणताना माझ्यासमोर साधारण १९५० ते १९८० या काळातली यंत्रं आहेत. त्यातही सर्वांत जास्त पानं गेली आहेत ती इंटरनॅशनल बी-२७५ वर, आणि त्याला कारण आहे. महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला हा ट्रॅक्टर बनू लागला. मूळ रचना इंग्लंडातली, चार सिलिंडरांचं १४४ घन इंचांचं, म्हणजे सुमारे २,३६० सीसीचं डिझेल इंजिन, पस्तिसेक अश्वशक्ती. आजही तो कुठे पाण्याचा टँकर ओढताना, कुठे कडबाकुट्टी फिरवताना, तर कुठे नुसता वडिलांची आठवण म्हणून गोठ्याच्या बाजूला उभा असलेला दिसतो. दुसरा मोठा गट मॅसी फर्ग्युसन ३५ आणि त्याच्या वंशावळीचा. मद्रासला १९६० मध्ये ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट, म्हणजे आपली टॅफे, स्थापन झाली आणि पर्किन्सच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा हा ट्रॅक्टर देशभर पसरला. आयशर, झेटॉर, एस्कॉर्ट्स यांचीही दखल घेतली आहे, पण थोडक्यात; तिथले बरेचसे दोष या दोघांच्या प्रकरणांत येऊन गेले आहेत.

बी-२७५ ला एवढी जागा देण्याचं खरं कारण त्याचा गव्हर्नर. विहिरीवरच्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाचा गव्हर्नर ज्यांनी पाहिला आहे त्यांना वजनांचा गव्हर्नर समजावून सांगावा लागत नाही. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांनी ठोके देत चालणाऱ्या त्या इंजिनात फिरणारी वजनं वेग वाढला की बाहेर फाकतात आणि दांडीमार्फत डिझेल कमी करतात. सगळं डोळ्यांना दिसतं. बी-२७५ च्या मूळ इंजिनावर वजनं नाहीतच. तिथे हवेचा, म्हणजे न्यूमॅटिक गव्हर्नर आहे, आणि तो न समजताच त्याची दुरुस्ती करणारे फार.

डिझेल इंजिनाला हवा मोजून द्यावी लागत नाही, डिझेल मोजून द्यावं लागतं. तरी या इंजिनाच्या हवेच्या वाटेत एक झडप आहे. इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी व्हेंच्युरी, म्हणजे मध्येच चिंचोळा होणारा गळा, आणि त्यात बटरफ्लाय नावाची गोल चकती. आपण रेसचा दांडा ओढतो तेव्हा पंपापर्यंत काहीच पोचत नाही. आपण फक्त ही चकती फिरवतो. चिंचोळ्या जागेतून हवा जोरात गेली की तिथला दाब उतरतो. हा उतरलेला दाब, म्हणजे व्हॅक्यूम, एका बारीक नळीतून पंपाच्या टोकाला असलेल्या बंद डब्यात जातो. डब्यात चामड्याचा पडदा, म्हणजे डायफ्राम, त्याच्यामागे स्प्रिंग, आणि पडद्याला जोडलेला पंपाचा रॅक. स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलते. व्हॅक्यूम पडद्याला उलट ओढतो. चकती उघडली की व्हॅक्यूम घटतो, स्प्रिंगची सरशी होते, डिझेल वाढतं, इंजिन चढतं. इंजिन चढलं की हवा आणखी जोरात ओढली जाते, व्हॅक्यूम वाढतो, रॅक मागे येतो. दोन्ही बळं जिथे सारखी होतात त्या वेगावर इंजिन थांबतं.

ही रचना ध्यानात आली की अर्धं पुस्तक वाचल्यासारखं आहे. या गव्हर्नरला इंजिनाच्या फेऱ्या मोजता येत नाहीत. त्याला कळतो फक्त व्हॅक्यूम. नळीला चीर गेली, नळीच्या टोकाचा नट ढिला झाला किंवा चामडं फाटलं, की त्याच्या लेखी इंजिन मंदावलेलं असतं आणि तो इमानाने डिझेल वाढवतो. मग मालक म्हणतो, रेस आपोआप चढते, गव्हर्नर गेला. गव्हर्नर गेलेला नसतो. त्याला खोटी खबर मिळत असते आणि त्या खबरीवर तो अगदी बरोबर वागत असतो. वेगाच्या दोषांत मी जे पाहिलं त्यातलं बहुतेक याच जातीचं होतं: चूक वेग सांभाळणाऱ्या भागाची नव्हती, त्याच्यापर्यंत काय पोचतं आणि त्याचा हुकूम पुढे कुठवर पोचतो याची होती.

डायफ्राम धड आहे की नाही हे पंप न उघडता कळतं. इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूमची नळी पंपाकडच्या टोकाला सोडवायची. स्टॉपचा दांडा पूर्ण ओढून धरायचा, म्हणजे पडदा डब्यात आत जातो. आता नळी जोडण्याच्या भोकावर बोट घट्ट दाबून दांडा सोडायचा. पडदा शाबूत असेल तर दांडा थोडा परत येऊन अडतो, बोटाला ओढ जाणवते, आणि बोट काढलं की फट्‌दिशी जागेवर जातो. बोट असतानाच तो सरळ परत आला तर हवा कुठून तरी आत शिरते आहे. मग आधी डब्याच्या झाकणाचे स्क्रू आवळून पाहावेत, त्यानंतर चामड्याकडे वळावं. चामडं नेहमी फाटलेलंच असतं असं नाही. वर्षानुवर्षं कोरडं राहून ते कडक होतं आणि कडक चामडं छोट्या फरकाला दाद देत नाही. इंजिन कमी रेसला वर-खाली होण्यामागे हे एक कारण असतं.

या वर-खाली होण्याला पंपवाले हंटिंग म्हणतात. माझ्या मते वेगाच्या दोषांत हा सर्वांत बोधप्रद दोष आहे, कारण त्यात बिघाड एका भागात नसतो, वेळेत असतो. नवशिका गाडीवान बैल पळाले की उशिरा कासरा ओढतो, ते थबकले की उशिरा ढिला सोडतो आणि गाडी धक्के खात चालते. इंजिनाचं तसंच होतं. गव्हर्नरला वेग वाढल्याचं कळेपर्यंत किंवा त्याचा हुकूम रॅकपर्यंत पोचेपर्यंत उशीर झाला की तो प्रत्येक वेळी गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनावर वजनांचा गव्हर्नर बसवला, पण तो कधी स्थिर राहतो आणि कधी झोके खातो याचं गणित मांडायला पुढची ऐंशी वर्षं गेली. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरवरचा जो निबंध मांडला, तो आजच्या नियंत्रणशास्त्राच्या पायाशी आहे. विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांसाठी ओळखला जाणारा माणूस झोके खाणाऱ्या यंत्रांकडेही तितक्याच गंभीरपणे पाहत होता, ही गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे.

गणित बाजूला ठेवलं तरी त्यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. हंटिंग दिसलं की आधी ढिलेपणा आणि अडखळ शोधायची. दांड्यांच्या सांध्यांतल्या झिजलेल्या पिना, ओढून लांब झालेली स्प्रिंग, बटरफ्लायच्या दांडीभोवती पडलेली ढील, पंपात जड सरकणारा रॅक. ट्रॅक्टर दोन पावसाळे उभा राहिला असेल तर रॅकवर आणि प्लंजरांवर जुन्या डिझेलचा चिकट थर बसतो. पंपाची बाजूची पट्टी काढून रॅक बोटाने सरकवून पाहावा. तो कुठेही न अडता पुढेमागे गेला पाहिजे. एका जागी जरी अडत असेल तर गव्हर्नर कितीही चांगला असो, तो रॅक ढकलत बसणार आणि रॅक सुटला की झेप घेणार.

हंटिंगचं दुसरं मोठं कारण डिझेलमधली हवा. याबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते लांबलं म्हणून मी दिलगीर नाही. पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, हात ओला होतो, दोष सापडतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या ओढीच्या बाजूला गळती असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. तिथून हवा आत ओढली जाते. नळी कोरडी दिसते म्हणून ती निर्दोष समजायची आणि पंप खोलायचा, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्यावर राग येत नाही. बंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरून चपटे झालेले असतात. फिल्टरच्या वाटीचं रबर दबलेलं असतं. टाकीतली नळी मुळाशी तडकलेली असते आणि टाकी अर्धी झाली की मगच त्रास सुरू होतो. असा त्रास 'कधी कधी होतो' म्हणून सांगितला जातो, खरं तर तो टाकीतल्या पातळीवर ठरत असतो.

यासाठी दोन स्वस्त युक्त्या आहेत. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडायची. इंजिन चालू असताना बुडबुडे दिसले तर हवा टाकीच्या बाजूने येते आहे. दुसरी युक्ती आणखी थेट. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनाहून उंच टांगून पंपाला त्यातून सरळ डिझेल द्यायचं. इंजिन एका लयीत चालू लागलं तर दोष पंपात नाही, त्याच्या आधीच्या वाटेत आहे, आणि तुमचे कॅलिब्रेशनचे पैसे वाचले. हे होईपर्यंत पंप चाचणीच्या बाकावर नेऊ नये.

टाकीच्या झाकणाचा हवेचा बारीक मार्ग हे आणखी एक दुर्लक्षित ठिकाण. तो धुळीने बुजला की टाकीत व्हॅक्यूम होतो. ट्रॅक्टर अर्धा तास नीट चालतो, मग हळूहळू दम सोडतो. थांबून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केला की पुन्हा ठीक. दम सोडताना झाकण सैल करून पाहावं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन सावरलं तर दुरुस्ती एका सुईची आहे.

आता तिसरी तक्रार, भाराखाली बसण्याची. इथे धुराकडे बघा. वेग पडतो आहे आणि धूर काळा येतो आहे, तर डिझेल पुरेसं जातं आहे. एकतर त्याला जाळायला हवा पुरत नाही, नाहीतर भारच जास्त आहे, नाहीतर नोझल नीट फवारत नाही. वेग पडतो आहे आणि धूर जवळजवळ नाहीच, तर डिझेल पोचत नाही: फिल्टर, फीड पंप, जाळी, किंवा चकती पूर्ण उघडतच नसलेला दांडा. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा थंड इंजिन. निळा म्हणजे ऑइल. ही चार वाक्यं पाठ असलेला माणूस अर्ध्या गॅरेजांपेक्षा पुढे असतो, असं मी जरा ठासूनच म्हणतो.

हवेचा फिल्टर मात्र न्यूमॅटिक गव्हर्नरच्या ट्रॅक्टरवर दुहेरी घात करतो. ऑइल बाथमध्ये गाळ साठून वाट अरुंद झाली की इंजिनाला हवा कमी मिळते, हे कोणत्याही ट्रॅक्टरवर खरं आहे. पण डायफ्रामची दुसरी बाजू जिथे बाहेरच्या हवेला उघडी असते, तिथे फिल्टरमुळे वाढलेला व्हॅक्यूमही त्या नळीतूनच गव्हर्नरकडे जातो. त्याला वाटतं इंजिन फार पळतंय, आणि तो डिझेल कापतो. दांडा पूर्ण ओढूनही इंजिन वर न जाण्याचं हे कारण आहे आणि त्याचा उपाय रॉकेलने धुतलेली वाटी आणि खुणेपर्यंत भरलेलं ताजं ऑइल एवढाच आहे. खुणेच्या वर ऑइल भरू नये. का, ते पुढे येतंच.

मॅसीच्या घराण्यात प्रकृती वेगळी. तिथल्या तीन सिलिंडरांच्या पर्किन्सवर डीपीए जातीचा रोटरी पंप असतो. ओळीच्या पंपात प्रत्येक सिलिंडरला आपला स्वतंत्र प्लंजर असतो. इथे एकच फिरता भाग सगळ्यांना वाटून देतो आणि पंपाच्या आतल्या सगळ्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. म्हणून डिझेलमधलं पाणी या पंपाला जास्त महागात पडतं. उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरवर मीटरिंग व्हॉल्व्ह चिकटून इंजिन एकाच वेगावर अडकतं, नाहीतर रेस सोडल्यावर रेंगाळत खाली येतं. या पंपाची हवा काढण्याचा क्रमही ठरलेला आहे, तो मी आकृतीसह दिला आहे. पर्किन्सची आणखी एक खोड म्हणजे पडद्याचा फीड पंप. त्याचा पडदा फुटला की डिझेल गुपचूप इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं आणि वास डिझेलचा आला, तर इंजिन सुरूच करू नका.

यावरून चौथ्या दुखण्याकडे येतो. बेफाम सुटलेलं इंजिन मी उगाच भीती घालायला सांगत नाही. पण ज्याला ते थांबवायचं माहीत नाही त्याने दुरुस्तीला बसू नये. न्यूमॅटिक गव्हर्नरची नळी निघून आली तर स्प्रिंग रॅकला थेट पूर्ण डिझेलवर नेते. तेव्हा रेसच्या दांड्याचा काही उपयोग नाही, स्टॉपचा दांडा मात्र रॅकला हाताने मागे ओढतो, म्हणून तो दांडा आणि त्याची तार आधी तपासावी, मग इंजिन सुरू करावं. ऑइल बाथ खुणेच्या वर भरला असेल किंवा चेंबरमध्ये डिझेल मिसळलं असेल तर इंजिन ते ऑइल ओढून त्यावरच पळू लागतं. आता डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. हवा तोडणं हा एकच उपाय उरतो. त्यासाठी हवेच्या तोंडाएवढी सपाट फळी दुरुस्तीच्या वेळी हाताशी ठेवावी. हात किंवा फडकं लावू नये; हात सोलला जातो आणि फडकं आत जातं. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन दाबून बंद करता येतं, पण त्याला समोर मोकळी जागा आणि घट्ट ब्रेक, दोन्ही लागतात.

न्यूमॅटिक गव्हर्नरची एक चमत्कारिक बाजू इथेच सांगून टाकतो. चढावर इंजिन बंद पडता पडता ट्रॅक्टर गिअरमध्येच मागे घसरला, तर इंजिन क्वचित उलट्या दिशेने सुरू होतं. तेव्हा ते सायलेन्सरमधून हवा ओढतं आणि धूर एअर क्लीनरमधून सोडतं. व्हेंच्युरीत व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणजे गव्हर्नर आंधळा. ऑइलचा दाबही शून्य. क्लीनरमधून धूर दिसला की क्षणाचाही विचार न करता स्टॉप ओढायचा. सगळ्याच यंत्रांना उलटं फिरणं वर्ज्य होतं असं मात्र नाही. जर्मनीत मानहाइमच्या लान्झ कारखान्याने १९२१ मध्ये काढलेल्या पहिल्या बुलडॉगला रिव्हर्स गिअरच नव्हता. त्याचं एका सिलिंडरचं दोन स्ट्रोकचं इंजिन उलटं फिरवूनच तो मागे नेत.

पेट्रोल आणि केरोसीनवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांवर, म्हणजे १९४६ मध्ये कॉव्हेंट्रीत सुरू झालेला करडा फर्ग्युसन टीई-२० किंवा १९४७ ते १९५२ या काळातला फोर्ड ८एन, मी एकच छोटं प्रकरण लिहिलं आहे. आपल्याकडे ते हौशी लोकांच्याच अंगणात उरले आहेत. तिथे गव्हर्नर वजनांचा किंवा गोळ्यांचा, आणि तो कार्ब्युरेटरची झडप फिरवतो. हंटिंग दिसलं की बहुधा मिश्रण पातळ झालेलं असतं: मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा किंवा जेटमध्ये कचरा. चोक किंचित ओढल्यावर इंजिन स्थिरावलं तर गव्हर्नरला दोष देण्याचं कारण संपलं. गव्हर्नर ते कार्ब्युरेटर या दांडीची लांबी मात्र पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बसवावी लागते आणि ती बसवताना घाई केलेली चालत नाही.

मोजमापाबद्दल एक आग्रह. कानावर वेग ठरवू नका. ज्यांचा कान तयार आहे त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण तयार कानसुद्धा सायलेन्सर बदलला की फसतो. क्रँक पुलीवर चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवून प्रकाशावर चालणारा साधा टॅकोमीटर रोखला की फेऱ्या कळतात, आणि तो फार महाग नसतो. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा मीटर चालू असेल तर त्यावर पीटीओच्या ५४० फेऱ्यांसाठी खूण असते. पीटीओचा दांडा मोजून तो मीटर खरा बोलतो का तेही पाहता येतं. तीन आकडे वहीत हवेत: कमी रेसचा वेग, रिकाम्या इंजिनाचा कमाल वेग, आणि भाराखालचा वेग. रिकामा कमाल वेग भाराखालच्या ठरलेल्या वेगापेक्षा शेकडा पाच ते दहाने जास्त असणं हा दोष नाही, गव्हर्नरचा स्वभाव आहे. हे न कळल्यामुळे लोक दोन्ही वेग एकच करायला जातात आणि भाराखाली ताकद घालवून बसतात. कंपनीचे आकडे मूळ पुस्तिकेत सापडतात. ती हरवली असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत त्या मॉडेलची चाचणी झाली होती का ते पाहावं. तिथल्या अहवालांत इंजिनाचा आणि पीटीओचा वेग नोंदलेला असतो.

मळणी यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांनी मोजमापाचं प्रकरण वगळू नये. ड्रमचा वेग ट्रॅक्टरच्या वेगावर ठरतो. कमाल वेगाचा स्क्रू 'जरा दम यावा' म्हणून बाहेर काढलेला ट्रॅक्टर त्या ड्रमलाही त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतो, आणि तिथे समोर माणूस पेंढी घालत उभा असतो. कमाल वेगाच्या स्क्रूवर कारखान्यातून शिशाचं सील येतं ते शोभेसाठी नव्हे.

सगळं तपासूनही दोष उरला तर पंप कॅलिब्रेशनला द्यायचाच आहे. त्याला पर्याय नाही आणि ते घरी होणारं काम नाही. चाचणीच्या बाकावर प्रत्येक सिलिंडरला जाणारं डिझेल नळकांड्यांत मोजून सारखं करतात, गव्हर्नर कोणत्या वेगाला डिझेल कापतो ते पाहतात. चार सिलिंडरांपैकी एकाला कमी डिझेल जात असेल तर इंजिन कमी रेसला लंगडतं आणि ते बाहेरून हंटिंगसारखंच दिसतं. दुकान निवडताना त्यांच्याकडे न्यूमॅटिक गव्हर्नर तपासायला व्हॅक्यूमची सोय आहे का हे विचारा. पुष्कळ ठिकाणी नसते, आणि मग डायफ्रामचा डबा ते नुसता पुसून परत देतात. इंजेक्टरही बरोबर न्या. नवा पंप जुन्या गळक्या नोझलवर बसवून काही साधत नाही, आणि नोझल तपासताना त्याच्या फवाऱ्यासमोर हात कधीच नको. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, जखम टोचल्याएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

पुस्तकाची मांडणी दुखण्यांच्या क्रमाने केली आहे, भागांच्या क्रमाने नाही, कारण शेतात उभ्या असलेल्या माणसाला दुखणं दिसतं, भाग दिसत नाही. प्रत्येक प्रकरणात तपासण्या फुकटापासून महागापर्यंत लावल्या आहेत. विजेचे नकाशे, हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स यांना इथे जागा नाही. पंप उतरवण्यापूर्वी टायमिंगच्या खुणा कशा ओळखायच्या आणि त्या पुसट झाल्या असतील तर सेंटर पंचने नव्या कशा घालायच्या, हे शेवटच्या प्रकरणात आहे. पंप उतरवायची वेळ आलीच, तर पानं त्या क्रमाने न वाचता आधी ते प्रकरण वाचावं आणि मगच पाना उचलावा.